जेन निघून गेली, ते मला पटलं

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत तू उशाशी ठेवून गेलेलं 'जेन एअर' काल संपलं. दुपारी मागचं आवरलं की दहा-बारा पानं, मांडीवर डिक्शनरी, असं करत महिना गेला. पुस्तक का ठेवून गेलीस ते कळलंय मला. ज्याच्याशी तुला लग्न करायचंय, 'त्याचं आधी एक लग्न झालंय' असं तू फोनवर म्हणालीस आणि मी गप्प बसले. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता लिहिते.

जेनचं लहानपण वाचताना फार तुटलं गं आत. दहा वर्षांची पोर, मामी तिला लाल खोलीत कोंडते. मग ती शाळा, करपलेली लापशी, थंडीने गोठलेलं पाणी आणि तिच्या कुशीत मेलेली मैत्रीण हेलन. हे लिहिणाऱ्या शार्लट ब्राँटीच्या दोन थोरल्या बहिणी अशाच शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि 1825 मध्ये महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने गेल्या. शार्लट तेव्हा नऊ वर्षांची होती. कादंबरी आली 1847 मध्ये. इतकी वर्षं तिने ते दुःख जपलं असेल.

पुढे जेन ज्याच्या घरी शिकवायला जाते आणि ज्याच्या प्रेमात पडते, तो रॉचेस्टरही दुखावलेलाच. बाप आणि भाऊ मिळून त्याचं जमैकात लग्न लावून देतात, तीस हजार पौंडांसाठी. बायकोला वेड लागतं. इथपर्यंत माझा त्याच्यावर राग नाही. पण बायको जिवंत आहे हे तो जेनला सांगत नाही. तिला कळतं ते ऐन लग्नात, चर्चमध्ये, परक्या माणसाच्या तोंडून. त्या पानावर मी पुस्तक मिटलं आणि चहा टाकायला उठले.

कारण तू जन्मायच्या आधीची एक गोष्ट तुला माहीत नाही. बाबांच्या आधी माझा एक साखरपुडा मोडला होता. 'सांगायचं नाही,' असं तुझे आजोबा म्हणाले आणि मी ऐकलं. लग्नानंतर सहा वर्षांनी एका मुंजीत कुणीतरी ते बाबांपाशी सहज बोललं. बाबा रागावले नाहीत. दोन दिवसांनी एवढंच म्हणाले, "सांगितलं असतंस तरी मी होच म्हटलं असतं." ते वाक्य मला अजून टोचतं.

म्हणून घटस्फोटाची मला भीती नाही, बाळ. त्याने तुला आपणहून सांगितलं, हे मी त्याच्या बाजूने धरते. पण पहिल्या बायकोबद्दल तो कसा बोलतो, ते नीट ऐक. रॉचेस्टर त्याच्या बायकोबद्दल, बर्थाबद्दल, जे बोलतो ते मला आवडलं नाही. त्या बाईची बाजू पुस्तकभर कुणी विचारतच नाही. वरच्या मजल्यावर कोंडलेली ती, शेवटी आग लावून गच्चीवरून उडी टाकते. मला जेनइतकीच तिची आठवण येत राहते.

आणि तू? एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी घरी आलीस, चार महिने खोलीबाहेर पडत नव्हतीस, ते त्याला सांगितलंस का? अर्धं नको सांगूस. तेव्हा तुझ्या उशाशी मी बसत होते, पुढे तो बसणार असेल तर त्याला माहीत हवं.

जेन सगळं कळल्यावरही रॉचेस्टरवर प्रेम करते, तरी पहाटे निघून जाते, हातात जेमतेम वीस शिलिंग. परतते तेव्हा काकाच्या वारशातले पाच हजार पौंड तिचे स्वतःचे असतात. वीस हजार मिळाले होते, तिने आते-भावंडांत सारखे वाटले. तो तेव्हा आंधळा, एक हात गेलेला. ती परतते ते तिच्या मर्जीने, म्हणून मला ते लग्न आवडलं. तुझी नोकरी मात्र कुणासाठीही सोडू नकोस, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

बाबांना अजून काही बोलले नाहीये. संक्रांतीला येशील तेव्हा तूच सांग, आणि जमलं तर त्यालाही घेऊन ये. गूळपोळी खातो का ते कळव, म्हणजे तीळ जास्त आणते.

तुझी,
आई