गोवळकोटच्या तांडेलकाकांना

तांडेलकाका, सप्रेम नमस्कार.

ओळखलंत ना? पंचमीला चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावर दीड तास उशिरा उगवलेले आम्ही. सोबत ब्याऐंशी वर्षांचे अण्णा आणि त्यांचा कामातून गेलेला गुडघा.

तुम्ही फोनवर बजावलं होतं, तिथीची पाऊणपट करा. पाचाचे पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारला भरती, दहाच्या सुमारास पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. खाडीतून दाभोळला जायचं तर सातला निघायचंच. मी मनात म्हटलं, ठरवून घेतलेली होडी आहे, एसटी थोडीच आहे चुकायला! साडेआठला आलो तेव्हा पाणी बरंच उतरलेलं, पायऱ्यांवर शेवाळ. अण्णांना दोघांनी उचलून होडीत उतरवावं लागलं. आणि तासाभरात वाशिष्ठी नदीच्या रेतीवर होडी बसली.

दुसरा कोणी असता तर ऐकवलं असतं. तुम्ही इंजिन बंद केलंत, नांगर टाकलात आणि डबा उघडलात. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. समोरच्या चिखलावर मगर जबडा वासून ऊन खात पडली होती. आमच्या चिरंजीवांना ती प्लास्टिकची वाटली. ती सळकन पाण्यात उतरली तेव्हा त्यांनी होडीबाहेरचा हात न सांगता आत घेतला.

पण पत्र लिहितोय ते पुढच्या दोन तासांसाठी. १९५३-५४च्या सुमारास अण्णा मुंबईहून बोटीने दाभोळला उतरत, आणि तिथून लाँचने खाडीतून वर गोवळकोटला येत. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की ती सुरू झाली की माझा हात आपोआप मोबाईलकडे जातो. तुम्ही मात्र विचारत राहिलात. लाँच कुठे थांबायची? रात्री कंदील असायचा का? रुतायची का? अण्णा एकदम हसले. "रुतायची तर! अशीच. आई पदरातले शेंगदाणे एकेक करून द्यायची, पाणी येईपर्यंत पुरायला हवेत म्हणून." शेंगदाण्यांचं मला माहीतच नव्हतं, काका. आजवर मी विचारलंच नव्हतं.

मग तुम्ही पाण्यावरचं एक पान दाखवलंत. दाभोळकडे निघालेलं ते पान थबकलं, जागीच फिरलं आणि हळूहळू चिपळूणकडे परतायला लागलं. भरती लागली.

दाभोळ राहिलंच. दुपारी खाडीच्या मुखाकडे वारा उठतो, लाटांचे हिसके अण्णांच्या पाठीला झेपायचे नाहीत, म्हणून कांदळवनाच्या कडेकडेने थोडं पुढे नेऊन तुम्ही होडी वळवलीत. परततानाही आस्ते आस्ते. खरं सांगतो, मी मनात चरफडत होतो, एवढं काय रेंगाळायचं? साडेतीनला धक्क्याला लागलो तेव्हा उमगलं. पाणी वर चढलेलं, होडीची कड थेट कोरड्या पायरीशी. अण्णा काठी टेकून आपल्या पायांनी उतरले. कोणाचाही हात न धरता.

वर पैसे अर्धेच घेतलेत, दाभोळ झालं नाही म्हणून. त्यावर वाद घालायला परत येणारच आहे.

हल्ली अण्णा रोज कालनिर्णय बघून भरतीची वेळ जाहीर करतात. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो.

आणि हो, तुमचा डबा आमच्या पिशवीत आला. हिने त्यात मेतकूट भरून ठेवलंय. येत्या दशमीला आणतो. साडेसातची भरती ना?

आपला,
उशिरा आलेला प्रवासी