लायसन्सवरही नोंद हवी

कॅमेऱ्याने टिपलेले ई-चलान गाडीच्या नंबरावर निघते, चालवणाऱ्याच्या लायसन्सवर नाही. सिग्नल तोडतो भाचा, मेसेज येतो मामाच्या मोबाइलवर. पुढे थकलेला दंड लोकअदालतीत सवलतीने मिटला की पाटी कोरी. ब्रिटनमध्ये गाडी चालवताना मोबाइल हातात धरला तर दंडासोबत लायसन्सवर नियमभंगाचे ६ पॉइंट (दंडगुण) चढतात. ३ वर्षांत १२ झाले की साधारणपणे किमान ६ महिने बंदी. नवशिक्याचे तर पहिल्या २ वर्षांत ६ पॉइंटलाच लायसन्स रद्द. पैसेवाल्याला हजार-पाचशेचे काही वाटत नाही, स्टिअरिंग हातातून गेल्याचे नक्की वाटेल. परिवहन विभागाने चालकाची ओळख पटवून अशी नोंद ठेवावी. शाळेच्या बसचालकांपासून सुरुवात केली तरी चालेल.

– एक वाचक, ठाणे