चरबीला उतार हवा, मसाला नको

महोदय,

थंडी पडली की नागपुरात गच्च्यांवर शेगड्या पेटतात. अलीकडे त्यांवर डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे कोरियन पद्धतीचे काप, म्हणजे सामग्योप्साल, भाजायची हौसही दिसते. हौसेला ना नाही. पण हे काप रात्रभर आलं-लसूण आणि सावजी मसाल्यात मुरवले की सगळं बिघडतं. मसाला मांसाच्या आधी जळतो आणि कडू होतो. हा काप कोराच भाजायचा असतो. चव नंतर येते, सॅलडच्या पानात गुंडाळताना.

‘साम’ म्हणजे तीन, ‘ग्योप’ म्हणजे थर आणि ‘साल’ म्हणजे मांस. आपली साल नव्हे. उलट सालीसकट कापाला ते ‘ओग्योप्साल’, पाच थरांचं, म्हणतात. माणशी २०० ग्रॅम धरावं, जाडी साधारण एक सेंटीमीटर. कागदासारखा पातळ काप चरबी सुटायच्या आत वाळतो. घरी कापायचं तर मांस चाळीसेक मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर चरबी सुरीखाली सरकते. मांसात तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके फोड दिसले तर ते घेऊच नये. त्या टेपवर्म या चपट्या जंताच्या अळ्या असतात.

सगळा खेळ चरबीचा आहे. कोरियन तव्याला उतार असतो आणि खालच्या टोकाला भोक, त्याखाली वाटी. सपाट डोशाच्या तव्यावर चरबी साचते, मांस भाजण्याऐवजी तळलं जातं आणि तडतडून हातावर उडतं. उघड्या निखाऱ्यावर तीच चरबी ठिबकून भडका उडतो आणि कापावर काजळी बसते. तवा आधी नीट तापवा, तेल घालू नका. वरच्या बाजूला ओलसर थेंब जमले आणि कडा पांढुरक्या झाल्या की उलटा, त्याआधी चाळवू नका. दुसरी बाजू सोनेरी झाली की कात्रीने तीन सेंटीमीटरचे तुकडे करा आणि कापलेल्या बाजूही भाजा. आत गुलाबी काही राहू नये. कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा, वाढायचा वेगळा. आंबट झालेली जुनी किमची, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, आणि लसणाच्या चकत्या उताराच्या खालच्या बाजूला ठेवल्या की त्याच चरबीत परततात.

चटणीसाठी, म्हणजे साम्जांगसाठी, दोन चमचे दोएनजांगला (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) एक चमचा गोचुजांग (आंबवलेल्या मिरचीचा लगदा), ठेचलेला लसूण, चिमूटभर साखर आणि थोडं तिळाचं तेल. आपलं घाण्याचं कच्चं तेल इथे फिकं पडतं. भाजलेल्या तिळाचं लागतं. पान सॅलडचं. घास एकदाच तोंडात मावेल एवढाच बांधावा, अर्धा चावला की सुटतो.

पान धुण्यात मात्र आळस नको. डुकराचं मांस म्हटलं की मेंदूतल्या गाठींची भीती निघते. अर्धकच्च्या मांसातून होतो तो आतड्यातला टेपवर्म. मेंदूत गाठी करणारी त्याची अंडी येतात ती माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, हातांतून आणि भाजीतून. म्हणजे शिजलेल्या मांसापेक्षा कच्च्या पानाची काळजी जास्त. वाहत्या पाण्याखाली एकेक पान, दोन्ही बाजूंनी.

टेबलावरच्या छोट्या गॅस शेगडीबद्दलही लिहायलाच हवं. तिचा ब्यूटेनचा डबा बाजूच्या कप्प्यात असतो. शेगडीपेक्षा मोठा तवा ठेवला की तो कप्पा झाकला जातो, उष्णता डब्यावर परतते आणि डबा फुटू शकतो. दोन शेगड्या चिकटवून त्यांवर एकच लांब तवा ठेवणं त्याहून वाईट. उरलेले डबे गाडीत विसरू नका. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत काय तापमान होतं ते सांगायला नको. आणि कोळशाची शेगडी थंडी वाजते म्हणून दारं लावून घरात आणू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, खिडकीची फट पुरत नाही.

शेवटी तव्यावर दोन चमचे चरबी ठेवून बाकी काढा. त्यात शिळा भात, चिरलेली किमची आणि चमचाभर गोचुजांग परतून दाबून पसरा आणि दोन मिनिटं हात लावू नका. तळाला जी खरवड धरते, तिच्यासाठी पोटात जागा ठेवा. वाटीतली चरबी मोरीत ओतू नका. डिसेंबरात ती पाइपातच गोठते.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर