पाऊणकीही हवी आणि ‘का?’सुद्धा

महोदय,

गणिताच्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाविषयी बोलताना पालकांचा एकच सूर ऐकू येतो : पाढे गेले, आता नुसते खेळ आले. दापोली तालुक्यातल्या हायस्कूलमध्ये मी 31 वर्षे गणित शिकवले. हा सूर मला पटत नाही. पण त्यामागची भीती खोटी आहे, असेही मी म्हणणार नाही.

मे महिन्यात नात सुट्टीला आली, ती सहावीचे ‘गणित प्रकाश’ घेऊनच. शालेय पुस्तके काढणाऱ्या केंद्राच्या एनसीईआरटी या संस्थेने 2024 मध्ये आणलेल्या या पुस्तकात कापरेकरांची संख्या, म्हणजे कापरेकर स्थिरांक, आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायचे, मोठीतून लहान वजा करायची आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करायचे. मी तिला सांगितले, द. रा. कापरेकर आपल्याच किनाऱ्यावरचे, 1905 साली डहाणूला जन्मले आणि देवळालीला शाळामास्तर होते. तिने लगेच 1905 हीच संख्या घेतली. पडवीतल्या फरशीवर खडूने 9351, मग 8172, 7443. पुढे हातचा चुकला, पुसून पुन्हा केले तेव्हा 3996 आले. मग 6264, 4176 आणि सातव्या वजाबाकीला 6174. त्याच्यापुढे कितीही वेळा करा, 6174 च येते. ती म्हणाली, “आजी, हे इथेच का थांबतं?”

हातच्याच्या सात वजाबाक्या ‘सोडवा’ म्हणून दिल्या असत्या, तर तिसरीलाच वही मिटली असती. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला मुलांनी आकृतिबंध शोधावेत, अंदाज बांधावेत, कारण सांगावे असे वाटते, ते याचसाठी. ही दिशा योग्य आहे, असे मी मनापासून म्हणते.

आता पुढचे ऐका. जुलैत तिच्या शाळेत चाचणी झाली. प्रश्न होता : कापरेकर स्थिरांक कोणता? गुण 1. तिने 6174 लिहिले, तिला गुण मिळाला. आयुष्यात एकही वजाबाकी न करता ज्याने तो आकडा पाठ केला, त्यालाही तेवढाच मिळाला. पुस्तक बदलले, पण प्रश्नपत्रिका जागची हलली नाही. मुले पुस्तकाकडे बघून अभ्यास करत नाहीत, पेपरात काय येते ते बघून करतात.

दुसरी गोष्ट पाठांतराची. आमच्याकडे होडीवर जाणारी माणसे भरतीची वेळ तिथीच्या पाऊणकीने, म्हणजे पाऊणच्या पाढ्याने, काढत. अष्टमी असली की आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. माझे वडील चौथीपर्यंतच शिकले, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी त्यांच्या जिभेवर होती. हा हिशेब त्यांचा चालता चालता व्हायचा. पाऊणच का, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा उगवतो, भरतीही तशीच पुढे सरकते, आणि पाऊण तास हा तोंडी हिशेबाला सोपा असा त्याचा अंदाज आहे. वडिलांकडे पाढा होता, ‘का?’ नव्हता. नातीकडे ‘का?’ आहे, पण आठ पाऊण म्हटले की ती कागद शोधते. डिसेंबर 2024 च्या ‘परख’ या केंद्राच्या शालेय सर्वेक्षणात देशभरातल्या सहावीच्या जेमतेम 53 टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे आणि मूलभूत क्रिया नीट येत होत्या. पाढे तोंडात नसलेले मूल आकृतिबंध शोधायला बसले, तर निम्मा वेळ बोटे मोजण्यातच जातो. नव्या अभ्यासक्रमात पाढ्यांना रोजची दहा मिनिटे राखून ठेवावीत, त्याने काही बिघडत नाही.

आणि हे सगळे शिकवणार कोण? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक सांगितला आहे. आमच्या वाड्यावस्त्यांवर दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात, गुरुजी एकच, आणि ते भाषेचेही. मुलाने “का?” विचारल्यावर त्याच्याजवळ थांबायला वेळ लागतो, तो त्या गुरुजींनी आणायचा कुठून?

सीबीएसईने 2020 पासून दहावीला गणिताचे दोन पेपर ठेवले आहेत, एक ‘स्टँडर्ड’ आणि एक सोपा ‘बेसिक’. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही गणितापासून सुरुवात करून सर्वच विषयांना असे दोन स्तर सुचवले आहेत. मुलाला निवड मिळावी, हा हेतू चांगला. पण गणिताचा शिक्षक नसलेल्या शाळेत निवड मूल करत नाही. त्याला सोपाच पेपर घ्यावा लागतो, आणि इंजिनिअरिंगची वाट त्याला कळायच्या आधीच अरुंद होते. राज्याने हे उचलण्यापूर्वी शिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या वर्षी किनाऱ्यावरच्या मुलांना हा प्रश्न द्या : आज दशमी, भरती साडेसातला आली. उद्या किती वाजता येईल, आणि ते तुम्ही कसे ठरवले ते आपल्या शब्दांत लिहा. गुण 5. त्यातला एक उत्तराला द्या, चार ‘कसे’ला.

— एक निवृत्त गणित शिक्षिका, ता. दापोली, जि. रत्नागिरी