ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सिस्टरांना, एका सांधेरोपण सर्जनकडून

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

माझ्या फेलोशिपच्या प्रमाणपत्रावर सगळ्या सह्या डॉक्टरांच्या आहेत. सरांचे आभार प्रबंधात छापून झाले, निरोपाच्या भाषणात मानून झाले. ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहून हत्यारं हातात देणाऱ्या स्क्रब सिस्टरसाठी कुठल्याच फॉर्मवर रकाना नसतो. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

हिप आणि नी, म्हणजे खुब्याचा आणि गुडघ्याचा, सर्जन कसा घडतो, याचं साधं उत्तर सगळ्यांना माहीत असतं: मेडिकलची पदवी, मग ऑर्थोपेडिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण, मग सांधेरोपणाची फेलोशिप. स्वतःच्या जबाबदारीवर सांधा बदलायला लागेपर्यंत दहा-बारा वर्षं सहज निघून जातात. त्यातली बरीचशी फ्रॅक्चर, प्लास्टर आणि रात्रपाळ्यांत जातात, हे कोणी सांगत नाही. सांधेरोपणाच्या ओटीत शिरकाव झाला तरी सुरुवातीचं काम एकच, रिट्रॅक्टर, म्हणजे स्नायू बाजूला ओढून ठेवणारं हत्यार, धरणं. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये सहायकाला खुबा फारसा दिसतच नाही, दिसते ती सरांची पाठ. आपण काय धरलंय आणि कशासाठी, हे कळायचा मार्ग म्हणजे तुम्ही. ‘पुढचा रिट्रॅक्टर हाडाला चिकटून ठेवा डॉक्टर, त्याच्या पुढे फीमोरल नस आहे. मागचा जपून, तिकडे सायटिक.’ शरीररचना मी पाठ केली होती; पण ती आपल्या हाताखाली नेमकी किती अंतरावर आहे, हे तुमच्या त्या पुटपुटण्यातून कळलं.

जगभर ऑर्थोपेडिक्समध्ये बायका कमी. ‘हे ताकदीचं काम आहे’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं, की नंतर नंतर मोजणं सोडून दिलं. तुम्ही त्यावर वाद घातला नाहीत. मी स्क्रब होऊन, म्हणजे हात धुऊन गाऊन-मोजे चढवून, येईपर्यंत टेबलाच्या कडेला पायरी सरकवून ठेवायचात आणि भूलतज्ज्ञांना टेबल खाली घ्यायला सांगायचात. खुबा निखळत नव्हता तेव्हा मी जोर लावायच्या बेतात होते. तुम्ही म्हणालात, ‘निघत नसेल तर अजून काहीतरी सोडवायचं राहिलंय.’ बरोबर होतं. आखडलेल्या सांध्याभोवतालचं कॅप्सूल, म्हणजे त्याचं आवरण, नीट मोकळं केलं नाही आणि मांडी पिळली, तर ठिसूळ हाड तिथेच मोडू शकतं. ज्यांच्या अंगात रग असते, त्यांना हा धोका जास्त, असं माझं आता मत झालं आहे.

कृत्रिम सांधा हाडात पक्का करणाऱ्या सिमेंटचं प्रकरण मात्र खास तुमचं. पावडर आणि द्रव एकत्र झाले की घड्याळ सुरू होतं आणि मग कोणासाठी थांबत नाही. ओटी गार असेल तर सिमेंट उशिरा घट्ट होतं, उबदार असेल तर लवकर. तुम्ही वेळ मोठ्याने मोजायचात आणि हातमोज्याला चिकटणं थांबलं की नाही, ते बोटाने पाहायचात. पण त्याच्याही आधी तुमचा प्रश्न ठरलेला असे: ‘हाड कोरडं झालं?’ उत्तर ठाम आलं नाही तर पाकीट फुटत नसे. हाडाचं सिमेंट डिंकासारखं चिकटत नाही, ते हाडाच्या बारीक छिद्रांत शिरून तिथे घट्ट बसतं. छिद्रांत रक्त आणि चरबी राहिली, तर ते शिरणार कुठे? सांधा त्या दिवशी छानच दिसतो. सैल होतो तो काही वर्षांनी, आणि तोवर त्या ओटीत कोण होतं हे कोणाला आठवतही नाही.

पुढे सर जॉन चार्नलींबद्दल वाचताना तुम्ही सारख्या आठवत होतात. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयाच्या या सर्जनने खुब्याच्या खोबणीत आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. त्या काही वर्षांतच झिजल्या आणि शेकडो रुग्णांचा प्रश्न उभा राहिला. मग १९६२ मध्ये पॉलिथिलीनची वाटी आली, आणि आजचं खुब्याचं रोपण मुख्यतः तिथून सुरू झालं. मला अधिक भावलं ते पुढचं. रायटिंग्टनला येऊन शिकल्याशिवाय कोणत्याही सर्जनला हा सांधा विकू नये, असा त्यांनी तो बनवणाऱ्या कंपनीकडे आग्रह धरला. शुद्ध हवेची बंदिस्त ओटी, ऑपरेशनच्या टप्प्यांनुसार लावलेले हत्यारांचे ट्रे, हा सगळा त्यांच्या पद्धतीचा भाग होता. म्हणजे सांधा एकटा नव्हताच, त्याच्यासोबत ओटीची अख्खी शिस्त होती. ती शिस्त रोज पाळून घेणारं माणूस कोण, हे मला वेगळं सांगायला नको. दरवाजा उगाच उघडला की तुमची नजर कशी वळायची, ते आमच्या बॅचला आजही आठवतं.

गुडघ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात मला सरांनी जास्त घडवलं. पाय सरळ असतानाची आणि वाकवल्यावरची दोन हाडांमधली फट सारखी कशी आणायची, हे त्यांचं. इम्प्लांटचं, म्हणजे कृत्रिम सांध्याचं, खोकं फोडण्याआधी बाजू, साइज आणि एक्स्पायरी मोठ्याने वाचून घ्यायची, हे तुमचं. उजव्या-डाव्याचा घोटाळा या कामात किती सहज होऊ शकतो, हे जिला माहीत आहे तीच इतक्या चिकाटीने विचारते.

आणि कान. मांडीच्या हाडात ब्रोच, म्हणजे सांध्याच्या दांड्यासाठी जागा कोरणारं कानशीसारखं हत्यार, ठोकताना, तो पक्का बसत आला की आवाज बदलतो, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. तुम्ही मॅलेट, म्हणजे हातोडा, माझ्या हातात देताना म्हणायचात, ‘ऐका हं.’ आवाज चढला की तुमचा हात मॅलेट परत घ्यायला पुढे आलेलाच असायचा. त्यानंतरचा एक जास्तीचा घाव हाडाला तडा देऊ शकतो. तुम्ही हा आवाज कितीतरी सर्जनांच्या हातून ऐकला होता. सर मात्र मुख्यतः स्वतःच्याच हातून. माझ्या मते शिकाऊ डॉक्टरने ओटीत सिस्टरांकडे लक्ष द्यावं, ते एवढ्यासाठीच. लॉगबुकात किती ऑपरेशनं केली ते लिहितात. कोणी ‘ऐका हं’ म्हणालं का, हे विचारायला त्यात जागा नाही.

आता माझ्याकडेही निवासी डॉक्टर येतात. त्यांना स्क्रब होण्याआधी एक सबंध दिवस फक्त ट्रे, हत्यारं आणि कोरड्या हाडांची मॉडेल्स हाताळायला मिळावीत, म्हणून विभागाकडून वेळ मागून घेतला आहे. शिकवायला मी आहेच. पण हा दिवस तुम्ही घ्यावा, अशी माझी विनंती आहे. निवृत्तीनंतर रुग्णालयाचं तोंडही पाहायचं नाही असं तुम्ही म्हणाला होतात, ते लक्षात आहे. तरी विचार करून कळवा. हो म्हणालात, तर ट्रे लावून ठेवणार नाही. ते लावणं त्यांना तुमच्यासमोरच करू दे.

तुमची,
पायरीवरची डॉक्टर