केदारला पत्र: नव्या घराच्या कागदांबद्दल

चि. केदार यास,
अनेक आशीर्वाद.

"कागद, कागद काय लावलंयस" म्हणून तू फोन ठेवलास, तेव्हा लिहूनच कळवते. आपली इमारत पाडून नवी बांधायची म्हणून सोसायटीची विशेष सभा झाली. उपनिबंधकांकडून अधिकारी आले होते, चित्रीकरण झालं आणि विकसक ठरला. जुलै २०१९ च्या शासन निर्णयापासून एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची लेखी संमती पुरते. आपल्याकडे पहिला मजला सोडून सगळ्यांनी दिली. त्यांचं कारण तुला माहीतच आहे.

आता दोन करार होतील. एक सोसायटीचा आणि विकसकाचा, दुसरा प्रत्येक सभासदाचा, पर्यायी जागेचा. शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर असल्यामुळे दुसऱ्या करारात माझंच नाव येणार. तुझं आत्ता घालायचं की पुढे, एवढंच मी विचारत होते. अमेयचा विषय मी काढणार नव्हते. निघाला.

नकाशा सोबत पाठवला आहे. ५४० चौरस फुटांचे ७२० मिळणार म्हणून सगळे खूश आहेत, पण मी तीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात रेघा मारल्या आहेत, मला आकडा दाखवून कोणी गप्प बसवू शकत नाही. आपले ५४० भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलेले आहेत. त्यांचे ७२० रेराच्या, म्हणजे बांधकाम व्यवसायाच्या कायद्यातल्या, कार्पेटचे. त्यात आतल्या भिंतींची जाडी धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. चार इंची भिंती एकूण पंचवीस मीटर धरल्या, तर अडीच चौरस मीटर म्हणजे सत्तावीस चौरस फूट जागा भिंतीतच गेली. फसवणूक नव्हे ही, पण वाढीव जागेची टक्केवारी जुन्या कार्पेटशी लावताना दोन्हीकडे एकच माप हवं. तसं पत्र मी सोसायटीला दिलं आहे.

दुसरं, बांधकाम कशात होणार ते करारात लिहून घ्यायचं. कॉलम-बीमची चौकट आणि मध्ये एएसी ब्लॉक (हलक्या काँक्रीटच्या विटा) असतील तर आतली भिंत पुढे हलवता येते. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदम ओतणार असतील (तुमच्या बाणेरकडच्या टॉवरना असतं तसं), तर बहुतेक भिंतीच भार वाहतात. त्यात नंतर दार काढता येत नाही, विजेच्या नळ्यासुद्धा काँक्रीटच्या आधी टाकाव्या लागतात. म्हणजे दोन खोल्या हव्यात की एक मोठी, हे तुम्ही दोघांनी आत्ताच ठरवा. "सेम साइझच्या दोन बेडरूम हव्यात" हे तू का म्हणतोस ते मला कळतं रे. बाणेरच्या घरी तुमच्या दुसऱ्या खोलीतल्या गादीवरची चादर कधी चुरगळलेली नसते. सुलूमावशीच्या लक्षात येत नसेल असं वाटतं का? तिला सगळं कळतं, ती फक्त पोह्यांबद्दल बोलते.

लिफ्टचंही मी लावून धरलं आहे. एक तरी स्ट्रेचर आडवं मावेल अशी हवी, केबिन आतून दोन मीटरहून जास्त खोल. आज चार माणसं खुर्ची करून खाली नेतात, बाबांना नेलं तसं. आणि स्ट्रेचरबरोबर आत कोण जाणार, हा पुढचा प्रश्न नकाशात सुटत नाही. तुझ्या अपेंडिक्सच्या वेळी अमेयने फॉर्मवर नात्याच्या रकान्यात "मित्र" लिहिलं आणि काउंटरवरची मुलगी माझी वाट बघत बसली. मी कोथरूडहून तासाभरात पोचले. पुढच्या वेळी मी नसले तर?

हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

आजीच्या नारायण पेठेतल्या वाड्यात चौकापलीकडच्या दोन खणांत थोरले मास्तर आणि धाकटे मास्तर राहायचे. सगळ्यांची दारं चौकात उघडायची, नळ एक, संडास मागे रांगेत. कोण कधी आलं, कोणाकडे काय शिजलं, सगळं सगळ्यांना ठाऊक. तरी त्या दोघांना कोणी काही विचारलं नाही. वाड्यात लोक बघायचे खूप आणि विचारायचे कमी. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, वाड्याची मागची बाजू बसली. तेव्हा दोघांनी मिळून पोरांना माडीवर चढवलं, असं आजी सांगायची. पण भाडेपावती थोरल्यांच्या एकट्याच्या नावाने. ते गेले तेव्हा १९४७ चा भाडे कायदा होता. भाडेकरू गेला की त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. तसा कोणी नसेल तर वारस. १९९९ च्या कायद्यातही तेच आहे. धाकटे मास्तर कुटुंबीयही नव्हेत आणि वारसही नव्हेत. नागपूरहून पुतण्या आला. पुढे वाडा पाडून इमारत झाली, तेव्हा भाडेकरू म्हणून फ्लॅट पुतण्याला मिळाला. त्याने त्या दोन खणांत एक रात्र काढलेली नव्हती. धाकटे मास्तर पंढरपूरला भाचीकडे गेले म्हणतात. त्यांना कोणी हाकललं नाही, फक्त पावतीवर त्यांचं नाव नव्हतं.

तू म्हणशील, आता काळ बदलला. बदलला खरा. तू मला सांगितलंस ते २०१६, तेव्हा तुमच्यासारख्यांना गुन्हेगार ठरवणारं ३७७ कलम होतं आणि महिनोन्महिने मला झोप नव्हती. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते गेलं, तू पेढे आणलेस. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क दिला नाही, आणि कायद्यातली बहुतेक दारं "पती-पत्नी" याच नावाने उघडतात. म्हणून एकेक कागद वेगळा करावा लागतो. नीट वाच, मी शिंदे वकिलांकडून खात्री करून घेतली आहे.

आज तुला काही झालं (होऊ नये), तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने तुझं सगळं माझ्याकडे येतं. मी नसले तर, तुला भावंडं नाहीत, तेव्हा पायरी पायरीने नानाकाकांकडे जातं. नानाकाका! अमेय त्या यादीत कुठेच नाही, दहा वर्षं एकत्र राहिलात तरी.

फ्लॅट मी तुला बक्षीसपत्राने दिला तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, कारण तू मुलगा. स्थानिक अधिभार आणि नोंदणी वेगळी. अर्धा हिस्सा अमेयला दिला तर खरेदीखतासारखं पूर्ण शुल्क. वर आयकर कायद्याच्या नातेवाइकांच्या व्याख्येत तो बसत नाही, म्हणून ५०,००० च्या वरची भेट त्याचं उत्पन्न धरून त्याच्यावर कर. तू त्याला दिलंस तरी हेच. मृत्युपत्राने मिळालं तर मात्र मुद्रांकही नाही आणि तो करही नाही. तेव्हा रस्ता एकच: मी तुला, आणि तू मृत्युपत्राने त्याला. साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांनी तुला सही करताना पाहिलेलं असावं, आणि ज्याला मिळणार तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी करायचीच. डॉक्टरचा दाखलाही त्याच तारखेचा जोडायचा, म्हणजे नानाकाकांचा मुलगा "त्याची मनःस्थिती ठीक नव्हती" म्हणू शकणार नाही.

नॉमिनेशनवर विसंबू नकोस. सोसायटीत तीन प्रतींत फॉर्म भरायचा आणि भरच, पण नॉमिनी मालक होत नाही. वारस नोंदले जाईपर्यंत तात्पुरता सभासद, एवढंच. विम्यातही आईवडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच. अमेय नॉमिनी असला तर तो नुसता स्वीकारणारा, मागे वारस उभे राहू शकतात. तिथेही मृत्युपत्रच कामाला येतं. बँकेचं सोपं आहे. २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की तुमच्यासारख्यांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" असं खातं उघडा. घरभाडं, किराणा, वीजबिल सगळं त्यातून जाऊ दे, एकत्र घर चालवल्याचा तोच पुरावा.

बाणेरच्या भाडेकरारात एकट्या तुझं नाव आहे ना? नूतनीकरणाला दोघांची घाला, दोघांचे अंगठे, नोंदणीकृत. नाहीतर तू तीन महिने बंगळुरूला गेलास की तो तिथे पाहुणा. गेटच्या अ‍ॅपवरही तो "व्हिजिटर" म्हणून होता, मला वॉचमनने दाखवलं. ते तरी बदललंत का? वाड्यात नाव लिहायची गरज नव्हती, तुमच्या टॉवरात ज्याचं नाव नाही तो आत येत नाही.

दवाखान्याचं. मुखत्यारपत्र करून ठेवलंय असं तू म्हणालास, पण ते माणूस हयात आणि भानावर असेपर्यंतच. जानेवारी २०२३ पासून वैद्यकीय इच्छापत्र सोपं झालं आहे: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. ते शेवटच्या आजारापुरतं असतं, तरी त्यात तुझ्या वतीने निर्णय घेणारा म्हणून अमेयचं नाव लिही, त्याने तुझं लिहावं. छोट्या आजारासाठी साधं पत्र, तुझ्या आणि माझ्याही सहीचं, "माझ्या उपचारांची माहिती आणि निर्णय यांना विचारावेत". एक प्रत फोनमध्ये, एक त्याच्या पाकिटात. आईची सही बघून काउंटरवरची माणसं जरा नरमतात.

झालं, पुन्हा व्याख्यान झालं. रागावू नकोस. तुम्ही दोघं काही लपून राहत नाही हे मला दिसतं. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तू भांडून त्याचं नाव लावलंस, ते मी खाली देशपांडेबाईंना सांगून आले. त्या आधी गप्प झाल्या आणि मग विचारलं, "हप्ता किती पडतो?" मला फार बरं वाटलं. नंतर रात्रभर, हे आता कुठे कुठे पोचेल म्हणून जागी होते.

आता बांधकामाची तीन वर्षं. विकसक भाडं देईल, वर्षाचे धनादेश पुढच्या तारखांचे घ्यायचे आणि बँक हमी आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. मी तुमच्याकडेच यावं असं अमेय म्हणतो. तू काही म्हणाला नाहीस. मी आले की दुसरी खोली माझी, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला तुमची एकच उरते. मला चालेल. तुम्हाला चालेल का ते बोला, संकोच नको. माझ्यासाठी इथेच जवळ वन आरके बघता येईल.

रविवारी दहाला शिंदे वकिलांकडे. तुझं आणि त्याचं आधार, पॅन, दोन-दोन फोटो. एक साक्षीदार म्हणून खालचे कुलकर्णी येतात, त्यांना मी सगळं सांगितलं आहे. दुसरा तुमच्या मित्रांतला आण, आपल्याहून तरुण आणि पुण्यातच राहणारा, म्हणजे गरज पडली तर साक्षीला हजर असेल. अमेयला घेऊन ये. तो बाहेर गाडीत बसणार असेल तर येऊ नका.

तुझी,
आई

ता. क. ओट्याची उंची ३२ इंच धरली आहे. स्वयंपाक तोच करतो आणि तो सहा फूट, त्याची कंबर जाईल. ३५ सांगू का? त्याला विचारून कळव, प्लंबिंगचा नकाशा शुक्रवारी जातो.