कार्ड बंद करण्यासाठी ओटीपी कशाला?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशात बँकेचे कार्ड चोरीला गेल्यास ते ताबडतोब बंद करावे, अशी सूचना प्रत्येक बँक देते आणि ती योग्यच आहे. मात्र ज्याचे कार्ड गेले त्याचा फोनही बहुधा त्याच पिशवीतून गेलेला असतो आणि कार्ड बंद करण्याची जवळजवळ प्रत्येक वाट त्या फोनवरूनच जाते, हे बँकांनी लक्षात घेतलेले दिसत नाही. दोन महिन्यांपूर्वी परदेश प्रवासात मला याचा अनुभव आला, म्हणून हे पत्र.

एका मोठ्या रेल्वे स्थानकात सरकत्या जिन्यावरून वर येईपर्यंत कोणीतरी माझ्या खांद्यावरची पिशवी बाजूने ब्लेडने कापली होती. पिशवी हलकी लागली म्हणून आत हात घातला, तर बोटे फाटलेल्या अस्तरातून बाहेर आली. डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड आणि फोन असे तिन्ही गेले होते. पासपोर्ट कमरेच्या पट्ट्यात होता, तेवढा वाचला. हॉटेलवर येऊन तिथल्या फोनवरून बँकेचा मला पाठ असलेला टोल फ्री क्रमांक लावला, तर तो लागेना. असे क्रमांक सहसा परदेशातून लागत नाहीत, हे मला तेव्हा कळले. परदेशातून लावायचा क्रमांक कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, पण कार्ड तर चोराकडे होते. हॉटेलच्या संगणकावर बँकेच्या संकेतस्थळावरून तो शोधून काढला, तेव्हा ध्वनिमुद्रित आवाजाने आधी कार्डाचे सोळा अंक मागितले. बऱ्याच खटपटीनंतर एक कर्मचारी बोलू लागला. जन्मतारीख, आईचे नाव, पत्ता हे सारे विचारून झाल्यावर त्याने नोंदणीकृत मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायला सांगितले. फोनही चोरीला गेला आहे, असे मी दोनदा सांगितले. त्यावर तो सौजन्याने म्हणाला, "मॅडम, ओटीपी टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही."

अखेर दुसऱ्या दिवशी शाखा उघडल्यावर माझ्या भावाने लेखी अर्ज दिला आणि दोन्ही कार्डे बंद झाली. त्या रात्रभरात दोन्हींवर खर्च होत राहिला. पिन ठाऊक नसताना हे कसे झाले, असे मला अनेकांनी विचारले. यंत्रावर नुसते टेकवून पैसे देण्याच्या पद्धतीत लहान रकमांना पिन लागत नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अशी सवलत एका वेळी ५० युरोपर्यंत असते आणि एकूण १५० युरो किंवा सलग पाच व्यवहार झाल्यावर पिन मागितला जातो. शिवाय अनेक परदेशी संकेतस्थळांवर कार्डाचा क्रमांक, मुदतीचा महिना आणि पाठीवरचे तीन अंक एवढ्यावर खरेदी होते, ओटीपी विचारलाच जात नाही. म्हणजे चोराला खर्च करायला ओटीपी लागला नाही. तो लागला मला, कार्ड बंद करायला.

यापुढचा भाग पैशांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, हे बऱ्याच अंशी त्याने बँकेला केव्हा कळवले यावरून ठरते. ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी कळवल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसायचे असते आणि ग्राहक जबाबदार असल्याचे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच असतो. माझ्या बँकेचे म्हणणे असे की, फोन व कार्डे एकाच पिशवीत ठेवणे हा निष्काळजीपणा होय आणि मी कळवले ते भावाने अर्ज दिला तेव्हा. आदल्या संध्याकाळचा माझा फोन ओळख पटली नाही म्हणून 'अपूर्ण' ठरला, त्यामुळे रात्रीचा सारा खर्च माझ्या माथी आला.

इतर देशांच्या कायद्यांनी हा प्रश्न आधीच विचारात घेतला आहे. अमेरिकेतील १९७८ चा इलेक्ट्रॉनिक निधी हस्तांतरण कायदा दीर्घ प्रवास किंवा रुग्णालयात असणे यांसारख्या कारणांसाठी कळवण्याची मुदत वाढवून देतो आणि तिथल्या नियमांनुसार ग्राहकाने कळवण्यासाठी वाजवी ते सारे केले की सूचना पोहोचली असे मानले जाते, मग ती विशिष्ट कर्मचाऱ्यापर्यंत गेलेली असो वा नसो. युरोपीय संघाचा २०१५ चा देयक सेवांविषयीचा निर्देश याहून स्पष्ट आहे. कार्ड हरवल्याचे कळवण्याची योग्य सोय बँकेने सदासर्वकाळ व विनामूल्य ठेवली पाहिजे. तशी सोय नसेल, तर ग्राहकाने स्वतः लबाडी केलेली नसल्यास नुकसानीचा बोजा त्याच्यावर पडत नाही. आणि ग्राहकाने मागितल्यास त्याने कळवल्याचा पुरावा पुढील अठरा महिने बँकेने पुरवायचा असतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, कार्ड बंद करणे आणि ते पुन्हा चालू करणे या दोन गोष्टींना एकच कसोटी लावू नये. चालू करताना बँकेने हवी तितकी कडक तपासणी करावी. पण बंद करण्यासाठी नाव, जन्मतारीख आणि खात्याविषयीचे एकदोन प्रश्न पुरेसे मानावेत. कोणी खोडसाळपणे दुसऱ्याचे कार्ड बंद करील, ही भीती अगदीच निराधार नाही, परंतु त्यातून होणारी गैरसोय दुसऱ्या दिवशी दूर करता येते. गेलेला पैसा परत मिळवायला मात्र महिने लागतात. असा प्रत्येक फोन, ओळख पटो वा न पटो, वेळ व तक्रार क्रमांकासह नोंदवून तीच सूचनेची वेळ धरावी, असा स्पष्ट आदेश रिझर्व्ह बँकेने काढावा, ही विनंती.

तोवर परदेशी जाणाऱ्यांनी बँकेचा परदेशातून लागणारा क्रमांक आणि कार्डांचे शेवटचे चार अंक कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवावेत, एक कार्ड वेगळ्या ठिकाणी ठेवावे आणि सिमकार्डाला पिन लावावा. नाहीतर चोर तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून आपले ओटीपी वाचतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांचे चोवीस तास चालणारे आपत्कालीन क्रमांकही जवळ असावेत, कारण तिथे कार्ड हरवल्याची नोंद करता येते आणि बँकेची मंजुरी असल्यास रोख रक्कमही मिळू शकते. मला हे माहीत असते तर ती रात्र वेगळी गेली असती.

त्या संध्याकाळी मी बँकेशी तेवीस मिनिटे बोलले, याची नोंद हॉटेलच्या बिलावर आहे. बँकेकडेही त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण असणार. ते मिळावे म्हणून केलेला माझा अर्ज सहा आठवडे शाखेत पडून आहे आणि त्याची पोच वगळता मला काहीही मिळालेले नाही.

आपली विश्वासू,
एक खातेदार